दुधावरची साय

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, नातवंडांना आपण दुधावरची साय म्हणतो. त्या कौतुकात एक गोष्ट गृहीत असते. मुलगा-सून, लेक-जावई हाताशी आहेत, मुलांचे खाणेपिणे, शाळा, दुखणीखुपणी ते पाहतात. आजीने फक्त लाड करायचे. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या असंख्य घरांत हे गृहीतच मोडून पडले. मधली पिढी एड्सने नेली. साय तेवढी उरली आणि ती सांभाळायला थरथरते हात. त्या आज्यांना मदत कशी करावी, याविषयी आज बोलायचे आहे.

टांझानियाच्या वायव्येला, व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिम काठावर कागेरा हा प्रांत आहे. केळी आणि कॉफीचा मुलूख. त्या देशातले एड्सचे पहिले रुग्ण १९८३ साली इथेच आढळले. तेव्हा औषध नव्हते. पुढे ते निघाले, पण एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या पुढे. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा तोच उपचार एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेला वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. तिथून किमती उतरत गेल्या आणि असंख्य जीव वाचले. पण ज्या घरांतले कर्ते आधीच मातीआड झाले होते, त्यांना या स्वस्ताईचा काय उपयोग?

स्वाहिली भाषेत आजीला 'बिबी' म्हणतात. आपल्या कानाला हा शब्द परका नाही. या बिबीला म्हातारपणी पुन्हा आई व्हावे लागले. स्वतःच्या तुकड्यात राबायचे, अंगात बळ असेल तर दुसऱ्याच्या शेतात मजुरी करायची, पाणी आणि सरपण वाहायचे. बळ सरले की चूल थंड.

याच कागेरा प्रांतात, न्शांबा गावी, कुर्ट माडोरीन हे स्विस गृहस्थ अनाथ मुलांसाठी काम करीत होते. मुलांना सावरायचे, तर त्यांना सांभाळणारी म्हातारी आधी सावरली पाहिजे, या विचारातून २००३ साली 'क्वा वाझे' हे काम उभे राहिले. या शब्दांचा अर्थ 'वृद्धांसाठी'. योजना अगदी साधी. गरीब वृद्धांना दरमहा थोडी रोख पेन्शन द्यायची आणि सांभाळ करीत असलेल्या नातवंडांसाठी वर थोडी भर.

आता आपल्या मनात येते ते तिथेही लोकांच्या मनात आले असणार. रोख पैसे कशाला? धान्य द्या, कपडे द्या. पैसे उधळले तर? या कामाची पाहणी झाली आणि २००८ मध्ये तिचा अहवाल निघाला. त्याच्या नावातच उत्तर आहे: मीठ, साबण आणि शाळेचे बूट. या तीन वस्तूंत मला अख्खा संसार दिसतो. मीठ म्हणजे शिजलेले अन्न. साबण म्हणजे मळक्या कपड्यांची लाज न बाळगता चारचौघांत जाता येणे. बूट म्हणजे शाळेची वाट. आजीला काय हवे, हे आजीइतके कोणाला कळणार?

याला दुसरीकडूनही दुजोरा मिळतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट मावळत असताना कृष्णवर्णीय वृद्धांची सरकारी पेन्शन वाढली. पुढे नोबेल मिळालेल्या अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी त्या काळातल्या माहितीचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पेन्शन आजीच्या हाती येत होती, त्या घरांतल्या मुलींचे वजन आणि उंची सुधारलेली आढळली. आजोबांच्या हाती येत होती, तिथे तसा फरक दिसला नाही. आजोबामंडळींनी रागावू नये!

जकातीविषयी हनफी परंपरेत एक नियम आहे. दिलेली रक्कम घेणाऱ्याच्या पूर्ण मालकीची झाली पाहिजे, तरच जकात अदा झाली. देणाऱ्याचा तिच्यावर हक्क उरत नाही. मला हा नियम फार शहाणा वाटतो. देताना हात सोडायचा असतो. आपण पुष्कळदा देतो, पण मूठ उघडत नाही.

हात कसा सोडावा, याचे एक उदाहरण कॅनडात आहे. तिथल्या स्टीफन लुईस फाउंडेशनने मार्च २००६ मध्ये 'आज्यांकडून आज्यांना' अशी मोहीम सुरू केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोरांटोला आफ्रिकेतल्या सुमारे शंभर आज्या आल्या आणि कॅनडातल्या दोनशे आज्यांशेजारी बसल्या. एकीकडे पैसा होता, दुसरीकडे अनुभव. पुढे कॅनडातल्या आज्यांचे गट जागोजागी उभे राहिले आणि निधी जमवू लागले.

तरीही दानाला मर्यादा आहेत. दात्याचे मन बदलले की दान आटते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली, तेव्हा आफ्रिकेतल्या अनेक एड्स दवाखान्यांची कामे अडली. औषध थांबले, तर पुन्हा मधली पिढी जाईल आणि नव्या आज्यांच्या ओटीत नवी पोरकी मुले येतील. म्हणून दानाच्या पलीकडे हक्क हवा. लेसोथोसारख्या लहानशा, गरीब देशाने २००४ साली सत्तरी गाठलेल्यांसाठी सरकारी पेन्शन सुरू केली. गरीब देशालाही हे जमते, असा त्याचा अर्थ.

श्रोतेहो, कुठल्याही वृद्धासाठी मदत देताना तीन प्रश्न विचारावेत. ती त्याच्या स्वतःच्या हाती पडते का? दर महिन्याला पडते का? आणि ती घेताना त्याला मान खाली घालावी लागते का? आफ्रिकेतल्या आज्यांना दया नको आहे. जगाने टाकलेले काम त्या करीत आहेत आणि त्या कामाचा हा मोबदला आहे.