आईला आधी विचारायला हवं होतं



माझ्या कामाबद्दल बोल, असं मला सांगितलं होतं. पण कॉम्प्युटरपेक्षा मला आमच्या गावच्या कौलारू घराबद्दल बोलायचंय. तुमच्यापैकी बरेच जण आमच्या पडवीत बसून आंबे खाऊन गेलेत.

बाबा गेल्यावर आई तिथे एकटी राहते. मार्च संपला की विहीर तळाला जाते, मग टँकरची वाट पाहायची. दादा म्हणाला, "घराला कुलूप लाव, आईला पुण्याला आणू." आई तयार नव्हती. मी एक वर्षाची मुदत मागितली.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आमचं छप्पर १०० चौरस मीटर. म्हणजे ३ लाख लिटर पाणी पागोळ्यांनी वाहून जातं! मी पन्हळी लावल्या, विहिरीशेजारी शोषखड्डा खणला आणि सगळं पाणी त्यात सोडलं. मार्चमध्ये विहीर पुन्हा कोरडी.

आई म्हणाली, "अगं, जांभा पाणी पितो, पण पोटात ठेवत नाही. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय एक ओळ लिहू नका, हे मी ऑफिसात रोज सांगते. घरी मात्र विसरले.

मग आईला विचारूनच सगळं केलं. परसात झाकणबंद टाकी बांधली. अडीच मीटर लांब, दोन रुंद, दोन उंच, म्हणजे १०,००० लिटर. (सर, गणित बरोबर आहे ना?) पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचं, कौलं धुऊन निघाली की टाकीत घ्यायचं. पिण्या-स्वयंपाकाला रोज ५० लिटर धरले तर २०० दिवस पुरतं. न्हाणीचं पाणी आम्हीच मागे सिमेंटच्या पाइपात कोंडलं होतं. ते पुन्हा माडाच्या आळ्यात आणि अळवाला सोडलं.

यंदा वापरायच्या पाण्याला एप्रिलमध्ये टँकर लागलाच. पण प्यायचं पाणी मेच्या मध्यापर्यंत टाकीतलंच होतं. दादा सुट्टीत आला, टाकीत डोकावला आणि कुलपाचा विषय काही काढला नाही.

तुमच्यापैकी अनेकांची गावची घरं बंद आहेत. ती पाडण्याआधी किंवा नवं काही बसवण्याआधी, तिथे जन्म काढलेल्या माणसाजवळ एक दुपार बसा. तो माणूस आहे तोवरच.