रक्ताचा कागद कसा वाचावा?

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कुटुंबांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो आपल्या सभांतून सहसा निघत नाही. जन्माच्या दाखल्यावर मुलगा म्हणून नोंद झालेली, परंतु अंतर्यामी स्त्री असलेली मुले आपल्याही घरांत जन्माला येतात. समाज त्यांना तृतीयपंथी म्हणतो. त्यांपैकी पुष्कळ जणी स्वतःस पारलिंगी स्त्री म्हणवितात. काही जणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्त्री-संप्रेरकांचा उपचार घेतात आणि त्यासाठी त्यांना वेळोवेळी रक्त तपासावे लागते. तपासणीचा कागद घरी येतो, आणि तो वाचता न आल्यामुळे घर घाबरते.

मी वकील आहे, वैद्य नव्हे. औषध कोणते व किती घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु कागद वाचणे हा माझा व्यवसाय आहे. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठविल्याने आपल्या वाडवडिलांच्या जमिनी कशा गेल्या, हे आपण जाणता. म्हणून जो कागद आपल्या रक्तातून निघाला, तो तरी आपण समजून वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.

काही दिवसांपूर्वी माझ्या कार्यालयात एक वृद्ध शेतकरी आले. जय भीम करून त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, माझ्या पोराचं रगात बिघडलंय. डाक्तरवर केस करायची का औषध बंद पाडायचं, तेवढं सांगा." कागदावर चार ठिकाणी खुणा होत्या. टेस्टोस्टेरॉन ३२, कमी. एस्ट्रॅडिऑल १४०, जास्त. हिमोग्लोबिन १२.६, कमी. पोटॅशियम ५.८, जास्त. चार खुणा म्हणजे चार रोग, असा त्यांचा समज झाला होता.

मी प्रथम कागदाचा माथा वाचला. सात-बारा हाती घेतला की आपण आधी गट क्रमांक व खातेदाराचे नाव पाहतो. तसेच येथेही करावे. माथ्यावर लिहिले होते, लिंग : पुरुष. प्रयोगशाळेने आधार कार्डावरून तशी नोंद केली होती, आणि यंत्राने पुढचे सर्व आकडे पुरुषाच्या मापाला लावून पाहिले होते. यंत्र विचार करीत नाही. ज्या रकान्यात त्याला घातले, त्या रकान्याचे माप ते लावते.

ही गोष्ट आपणास नवी वाटू नये. १९५६ साली लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली, परंतु अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडले. माणूस पुढे जातो आणि कागदाचा रकाना मागे राहतो, हा आपला जुना अनुभव आहे. तोच अनुभव या लेकींना प्रयोगशाळेच्या खिडकीवर येतो.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा : हा आकडा कोणाच्या मापाने मोजला आहे?

प्रौढ पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन साधारणपणे ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. स्त्री-संप्रेरकांच्या उपचाराचा हेतूच तो आकडा खाली आणणे हा आहे. एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरक-तज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार टेस्टोस्टेरॉन ५० च्या खाली असावे आणि एस्ट्रॅडिऑल हे स्त्री-संप्रेरक १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर या मर्यादेत असावे. म्हणजे ३२ आणि १४० हे आकडे बिघाडाचे नसून उपचार लागू पडत असल्याची साक्ष होते. हिमोग्लोबिनचेही तसेच आहे. टेस्टोस्टेरॉन शरीरात तांबड्या पेशी वाढविते. ते उतरले की हिमोग्लोबिन स्त्रियांच्या मापाकडे सरकते. पुरुषांची खालची मर्यादा साधारण १३, स्त्रियांची १२. म्हणून १२.६ हा आकडा पुरुषाच्या रकान्यात कमी ठरला, तरी स्त्रीच्या रकान्यात तो योग्यच आहे. मात्र तो १२ च्याही खाली गेला, तर संप्रेरकांवर बोट दाखवून स्वस्थ बसू नये. इतर कोणाही स्त्रीप्रमाणे लोहाची कमतरता वा अन्य कारण शोधावे.

अशा रीतीने तीन खुणा निकालात निघाल्या. माझे वृद्ध स्नेही सुटकेचा श्वास सोडून कागदाची घडी घालू लागले. परंतु चौथी खूण शिल्लक होती, आणि माझ्या आजच्या बोलण्याचे मर्म तीत आहे.

पोटॅशियमची मर्यादा पुरुषास एक आणि स्त्रीस दुसरी अशी नसते. ती सर्वांस सारखीच, साधारण ३.५ ते ५ पर्यंत असते. रकाना बदलला तरी जी खूण पुसली जात नाही, ती खरी खूण समजावी. टेस्टोस्टेरॉनचा परिणाम रोखण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी पुष्कळदा दिली जाते. मुळात ती रक्तदाबासाठीही वापरतात. ती शरीरातील पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाही, आणि पोटॅशियम फार वाढले तर हृदयाचे ठोके अनियमित होतात. मी तेथूनच त्यांच्या डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी त्याच दिवशी हृदयाचा आलेख काढून रक्त पुन्हा तपासण्यास सांगितले. पुन्हा तपासण्याचेही कारण होते. आपल्या गावांतून घेतलेला नमुना दूरच्या प्रयोगशाळेत जाईपर्यंत उन्हातान्हात हेलकावे खातो. वाटेत पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. येथे मात्र दुसरा आकडाही वाढलेलाच आला. मुलगी रोज शहाळे पीत होती, घरात टोमॅटोची रेलचेल होती, आणि या दोहोंतही पोटॅशियम पुष्कळ असते. डॉक्टरांनी गोळी कमी केली, आहार सांगितला, आणि आकडा उतरला. त्या दिवशी "सगळे ठीक आहे" म्हणून कागद पिशवीत गेला असता, तर काय झाले असते याची कल्पना आपण करावी.

दुसरा प्रश्न : आकडा कोणत्या एककात आहे? शेत तेच, पण कोणी गुंठ्यांत सांगतो, कोणी आरांत. टेस्टोस्टेरॉनचे ३० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि ०.३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हे एकच माप आहे. एस्ट्रॅडिऑलचे १५० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर दुसऱ्या प्रयोगशाळेत सुमारे ५५० पिकोमोल प्रति लिटर असे छापून येईल. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतके सूक्ष्म माप घेताना यंत्रायंत्रांत थोडाफार फरक पडतो. म्हणून शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासावे आणि जुने कागद जपून ठेवावेत.

तिसरा प्रश्न : रक्त कोणत्या वेळी घेतले? गोळी घेतल्यानंतर काही तासांत एस्ट्रॅडिऑल चढते आणि मग उतरते. जिभेखाली गोळी ठेवली तर ही चढउतार अधिकच तीव्र असते. इंजेक्शन घेणाऱ्यांचे रक्त साधारणपणे दोन इंजेक्शनांच्या मध्यावर घ्यावे. वेळ न लिहिलेला आकडा हा तारीख नसलेल्या दस्तासारखा होय. शेवटचे औषध केव्हा घेतले, हे कागदाच्या कोपऱ्यावर अवश्य लिहून ठेवावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही आधी सांगावे. काही यंत्रे त्यामुळे फसतात आणि संप्रेरकांचे आकडे चुकीचे दाखवितात.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे : मोजले ते नेमके काय? लाजेपोटी वा पैशाअभावी काही मुली डॉक्टरांकडे न जाता दुकानातून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या आणून घेतात. त्या गोळ्यांत बहुधा एथिनिल एस्ट्रॅडिऑल असते. नावात साम्य असले तरी पदार्थ वेगळा आहे, आणि एस्ट्रॅडिऑलच्या नेहमीच्या तपासणीत तो धड मोजला जात नाही. मुलगी गोळ्या घेते, आकडा मात्र कमी येतो. तिला वाटते औषध लागले नाही, म्हणून ती दुप्पट घेते. शरीरात औषध साचत जाते आणि कागद गप्प राहतो. या पदार्थाने रक्तात गाठ होण्याचा धोका अधिक आहे. धूम्रपानाने तो आणखी वाढतो. ती गाठ होणार की नाही, हे या नेहमीच्या कागदावरील कोणताही आकडा आधी सांगत नाही. म्हणून एकच पाय सुजला व दुखू लागला, एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर रक्ताच्या कागदाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे, आणि काय घेतले ते तेथे निःसंकोच सांगावे.

सायप्रोटेरॉन नावाचे दुसरे एक औषध दिले जाते. ते घेणाऱ्यांच्या रक्तात प्रोलॅक्टिन वाढू शकते, आणि यकृतावरही लक्ष ठेवावे लागते. एवंच, कोणते औषध चालू आहे हे कळल्यावाचून कागदाचा अर्थ लावू नये. पहिल्या वर्षी साधारण दर ३ महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एक-दोनदा तपासणी करण्याचा प्रघात आहे. हा खर्च कुटुंबाने औषधाच्या खर्चातच धरावा.

आता हक्कांविषयी दोन शब्द. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींचे घटनादत्त मूलभूत हक्क मान्य केले. २०१९ साली संसदेने केलेल्या कायद्याच्या कलम १५ मध्ये संप्रेरक-उपचार व समुपदेशन यांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकण्यात आली. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावयाची असतात. तेव्हा कागद मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही. प्रयोगशाळेला स्पष्ट सांगावे की स्त्री व पुरुष या दोन्ही मर्यादा छापून द्या. त्याच वेळी डॉक्टरांपासून काही लपवू नये; कारण मूत्रपिंडाच्या कार्याचा हिशेब करताना आणि पुढे उतारवयात पुरःस्थ ग्रंथीची तपासणी करताना त्यांना पूर्ण माहिती लागते.

आणि शेवटचा शब्द आईबापांसाठी. खूण दिसताच औषध बंद पाडू नका, आणि खूण दिसूनही दुर्लक्ष करू नका. कागद मुलीच्या हाती द्या, तिच्याबरोबर बसून वाचा, आणि ज्या ओळीचा उलगडा होत नाही ती घेऊन तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा.

ते वृद्ध गृहस्थ महिन्याभराने पुन्हा आले. या खेपेस कागदावर तीनच खुणा होत्या. तिन्हींवर त्यांनी बोट ठेवले, त्या का घाबरण्यासारख्या नाहीत हे मलाच समजावून सांगितले आणि म्हणाले, "पोटॅशियम पयलं बघितलं, वकीलसाहेब. आता आमच्या लेकीचं बरं हाये."

पहिल्या खेपेस ते "पोराचं" म्हणाले होते. तो रकाना मी बदलून दिला नव्हता. त्यांचा त्यांनीच तो बदलला होता.

जय भीम.