पुरातून निघालेला लेथ



२०१९च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैत कृष्णा-पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापूरकडच्या वर्कशॉपांत शिरलं. ओसरल्यावर लेथ दिसले ते चिखलात माखलेले, तांबूस गंजलेले. मालक हबकलेला, आणि भंगारवाला किलोचा भाव घेऊन दारात. माझं म्हणणं एवढंच, की गंज पाहून लेथ विकू नका. लेथ मरतो तो झिजेने, आणि झीज चकाकते.

बहुतेक जॉब आखूड असतात, त्यामुळे कॅरेजची ये-जा चकजवळच्या हातभर जागेतच होते. तिथलं बेडचं बीड झिजत जातं, टेलस्टॉककडचं टोक कोरं राहतं. म्हणून चकजवळ कॅरेजचा लॉक-बोल्ट किंचित आवळा आणि कॅरेज हाताने टेलस्टॉककडे न्या. वाटेत जाम झालं, तर झीज किती हे हातालाच कळतं. पुढची व्ही-पट्टी झिजली की टूल खाली बसतं, शिवाय आडवंही सरकतं. आडवं ०.०५ मिमी सरकलं, तर व्यासात ०.१० मिमी फरक पडतो. गंजाचे बारीक खड्डे दिसतात कुरूप, पण भोवतीचं बीड सपाट असेल तर ते खड्डे तेल धरून ठेवतात!

दुसरी भीती तड्याची. गिअरचा दात तुटला तर नवा गिअर पाडता येतो. हेडस्टॉकला बेअरिंगच्या बैठकीतूनच तडा गेला असेल, तर मी हात आखडता घेईन. बीड वेल्ड करायचं तर आधी तापवावं लागतं, मग सावकाश निववावं लागतं. एवढं करून बैठक सरळ राहीलच असं नाही.

पुराच्या लेथचा खरा घात पाण्यापेक्षा उतावीळपणा करतो. हेडस्टॉकमधला गाळ न काढता ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबलं, की तोच गाळ बेअरिंग खातो. मोटार मात्र वाळवून किंवा रिवाइंड करून वाचते.

खर्च मांडताना बेड ग्राइंडिंगपाशी थांबू नका. बेड घासला की कॅरेज खाली येतं, लीडस्क्रूशी त्याची रेषा चुकते, मग कॅरेजखाली लायनर घालून स्क्रॅपिंग करावं लागतं. कोटेशन मागताना हे सगळं धरूनच मागा. ‘वडिलांनी घेतलेला, हरिहरचा म्हैसूर किर्लोस्कर आहे’ असं कुणी सांगतं. १९४१मध्ये सुरू झालेली ती कंपनी, नाव मोठं. पण नावाने झिजलेला बेड सरळ होत नाही.

आणि काम कोणतं, हेही विचारा. ट्रॉलीचे बुश आणि पिना काढणाऱ्याला थोडा झिजलेला लेथ पुष्कळ झाला. व्हॉल्व्हचे स्पिंडल करणाऱ्याला तो पुरणार नाही. हिशेब अगदीच तोट्यात गेला, तर भंगाराच्या काट्यावर चढवण्याआधी चक, टेलस्टॉक, मोटार आणि चेंज गिअर उतरवून घ्या; शेजारच्या वर्कशॉपात त्यांना गिऱ्हाईक असतं.