एकदाच मारायची उडी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "पाच मिनिटं बोल, आणि कॉम्प्युटरवर बोलू नकोस." म्हणून मी सिनेमावर बोलणार आहे. पडद्यावरच्या जीवघेण्या उड्या कशा टिपतात, त्यावर. मध्ये थोडा कॉम्प्युटर येईल, तेवढा चालवून घ्या.

आधी आपलं नववीचं गॅदरिंग आठवा. ऐतिहासिक नाटक होतं. बाकांवर बाकं रचून बुरूज केला होता आणि आपला एक मावळा त्यावरून खाली गादीवर उडी मारणार होता. रंगीत तालमीला त्याने झकास उडी मारली, पण फोटोवाल्याचा फ्लॅश पेटलाच नाही. आपण सगळे ओरडलो, "परत मार, परत मार!" त्याने परत मारली. पहिल्या उडीत गादी हातभर सरकली होती, ते कुणी पाहिलंच नाही. उजवा हात मोडला. फोटो मात्र छान आला.

पुढे इंजिनिअर झाल्यावर मला स्टंटची दृश्यं कशी चित्रित करतात ते वाचायचा नाद लागला आणि प्रत्येक वेळी तो फोटो आठवायचा. कारण सिनेमावाल्यांपुढेही प्रश्न तोच असतो: उडी मारणाऱ्याला पुन्हा उडी मारायला न लावता ती नीट टिपायची कशी?

त्यावरचं साधं उत्तर म्हणजे एकाच वेळी अनेक कॅमेरे लावायचे, आणि प्रत्येकाला वेगळं काम द्यायचं. एक लांब उभा राहून सगळा देखावा घेतो. दुसऱ्याला दूरचं जवळ आणणारी लेन्स असते. या लेन्समुळे मागचं-पुढचं अंतर आकसल्यासारखं दिसतं. पळणाऱ्या माणसाच्या मागे गाडी सुरक्षित अंतरावर असली, तरी पडद्यावर ती पाठीला टेकलेली वाटते. तिसरा कॅमेरा पोलादी पेटीत बंद करून थेट गाडीच्या वाटेत ठेवतात. तिथे माणूस उभा करायचा नसतो. मोडलाच तर कॅमेरा मोडेल.

मग वेगाचा खेळ. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी दाखवतात. चित्रण 48 ने केलं, तर पडद्यावर सगळं निम्म्या वेगाने घडतं. 20 ने केलं, तर तीच गाडी जास्त जोरात पळताना दिसते. म्हणजे ड्रायव्हरने वेग न वाढवताही प्रेक्षकांच्या छातीत धस्स होतं!

आता माझ्या आवडीचं उदाहरण. 1974 चा बाँडपट, 'द मॅन विथ द गोल्डन गन'. थायलंडमध्ये मोडक्या पुलावरून एक मोटार उडते, हवेतच स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेते आणि पलीकडे चार चाकांवर उतरते. ही उडी आधी कॉम्प्युटरवर मारून पाहिली होती. अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या प्रयोगशाळेत रस्ता-अपघातांच्या अभ्यासासाठी लिहिलेला एक प्रोग्रॅम होता. त्यावर गणित मांडलं. मोटारीचं वजन, उताराचा पीळ, ताशी सुमारे 64 किलोमीटर वेग, सगळं ठरवून. तोल दोन्ही बाजूंना सारखा राहावा म्हणून ड्रायव्हरची सीट आणि स्टिअरिंग गाडीच्या मधोमध बसवलं. आधी चाचण्या झाल्या. चित्रणाच्या दिवशी पाण्यात पाणबुडे तयार होते, अनेक कॅमेरे एकदम सुरू होते आणि उडी पहिल्याच फटक्यात जमली. दुसऱ्यांदा मारावी लागली नाही.

गंमत म्हणजे सिनेमात त्या क्षणावर शिट्टीसारखा विनोदी आवाज टाकलाय, त्यामुळे अनेकांना ते धाडस खरं वाटतच नाही. पडद्यावर असंच होतं. 'शोले'मधली बसंती म्हटलं की आपल्याला हेमा मालिनी आठवतात. त्यांच्यासाठी टांग्याचे धोक्याचे प्रसंग करणाऱ्या रेश्मा पठाण यांचं नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही नवा प्रोग्रॅम आधी नकलेवर चालवतात, नोंद दोन ठिकाणी ठेवतात. टीममधली नवी मुलं कंटाळून विचारतात, "मॅडम, इतकं कशाला?" मी त्यांना त्या मोटारीची गोष्ट सांगते. गादीची गोष्ट आजवर सांगितली नव्हती.

आपला तो मावळा आज तिसऱ्या रांगेत बसलाय. त्या वर्षी त्याला वार्षिक परीक्षा लेखनिक घेऊन द्यावी लागली. मित्रा, "परत मार" म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडणारी मीच होते. तीस वर्षं झाली, आज सर्वांसमक्ष माफी मागते. मघाशी ग्रुप फोटोच्या वेळी तू हसून म्हणालास, "बाकावर चढू का?" नको रे बाबा. आज आपल्या प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. तू खालीच उभा राहा, आम्ही तुला चारी बाजूंनी टिपू.