रोग्याच्या पिशवीतील तबकडी

बेळगावचा रोगी मिरजेला किंवा पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे निघाला, म्हणजे त्याच्या पिशवीत फिल्मचे भले थोरले पाकीट असावयाचेच. हल्ली त्याच पाकिटात एखादी चकचकीत तबकडी, म्हणजे सीडी, नाहीतर अंगठ्याएवढा पेन-ड्राइव्ह असतो. घरची मंडळी फिल्म जिवापाड जपतात आणि तबकडी फडताळात राहून जाते. माझ्या मते आधी जपावयाची ती तबकडीच.

साध्या एक्स-रेचे एकच चित्र. ते फिल्मवर पुरते उमटते. १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने लंडनमध्ये एका रोग्याच्या मेंदूचे काप टिपले, तेथून सीटी स्कॅनची गोष्ट निराळी झाली. आज एकाच तपासणीत असे शेकडो काप निघतात. एकेक चित्र बहुधा ५१२ आडव्या व ५१२ उभ्या बिंदूंचे, सुमारे अर्ध्या मेगाबाइटचे. चारशे चित्रे झाली तरी दोनशे मेगाबाइट. ७०० मेगाबाइटच्या तबकडीत ती सहज मावतात. फिल्मवर मात्र निवडक चित्रे, तीही लहान करून छापलेली. शिवाय मूळ चित्रात करड्या रंगाच्या हजारो छटा असतात. त्या संगणकावर बदलून डॉक्टर एकाच कापात आधी फुप्फुस आणि मग बरगडीचे हाड न्याहाळू शकतात. फिल्मवर जी छटा उतरली नाही ती गेलीच. मग त्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो काय सांगणार?

पूर्वी एका कारखान्याच्या यंत्राची चित्रे दुसऱ्याच्या यंत्राला वाचता येत नसत. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ व यंत्रे बनविणारे यांनी १९८५ साली समाईक नियम बांधले. १९९३ पासून ते ‘डायकॉम’ या नावाने ओळखले जातात. या पद्धतीत प्रत्येक चित्राच्या पोटी रोग्याचे नाव व तपासणीचा दिनांक नोंदलेला असतो. सोय खरी, पण हरवलेली तबकडी ज्याच्या हाती पडेल त्याला आपले दुखणेही कळेल.

छातीतला डाग गेल्या वर्षी केवढा होता, यावर पुष्कळदा आजचा निर्णय ठरतो. जुनी चित्रे उघडली नाहीत तर तपासणी पुन्हा करावी लागते. त्यात पैसा जातो तो जातोच. पण छातीच्या सीटीत किरणांचा मारा साध्या एक्स-रेच्या कितीतरी पट अधिक असतो.

आता अडचण अशी, की नव्या संगणकांना बहुधा तबकडीचा खणच नसतो; आणि परका पेन-ड्राइव्ह व्हायरसच्या भीतीने काही रुग्णालये लावून घेत नाहीत. तो आडमुठेपणा नव्हे. म्हणून ज्यांच्याकडे जावयाचे त्यांना आधीच विचारावे. तपासणी केंद्रातून निघण्यापूर्वी चित्रे उघडून नाव व दिनांक पाहून घ्यावा, आणि एक प्रत घरी ठेवावी. तबकडीवर नाव लिहिणे झाल्यास मऊ टोकाच्या लेखणीने लिहावे. बॉलपेन नको, माहितीचा थर नावाच्या बाजूलाच, अगदी वरच्यावर असतो.