नटांचे गुरुजी कोण होते?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कोणी विद्वान नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि त्यानंतरचा शिक्षकी अभ्यासक्रम एवढीच माझी पुंजी. प्राथमिक शाळेत मुलांना शिकवीत आयुष्य गेले आणि दरवर्षी स्नेहसंमेलनाचे नाटक बसविण्याचे काम माझ्या गळ्यात पडत गेले. तेव्हा आजचा विषय माझ्या अधिकाराचा नसला, तरी माझ्या अनुभवाच्या शेजारचा आहे, असे समजून आपण सांभाळून घ्यावे.

हा विषय मला सुचला तो आपल्याच शिष्यवृत्ती समितीच्या एका बैठकीत. त्या बैठकीपुढे एका विद्यार्थ्याचा अर्ज होता. मुलगा आपल्याच ज्ञातीतला, गुण चांगले, घरची स्थिती बेताची. त्याला नाट्यशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश मिळाला होता. अर्ज वाचून होताच एका वडीलधाऱ्या सभासदांनी विचारले, ‘‘या नाटकवाल्यांना शिकवतो तरी कोण? त्या शिकवणाऱ्यांचे स्वतःचे शिक्षण काय? याला विद्या म्हणायची की छंद?’’ प्रश्न उपहासाने विचारला गेला नव्हता, मनापासून विचारला गेला होता. त्याचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. मी समितीत असूनही गप्प बसलो. अर्ज ‘पुढे विचारार्थ’ म्हणून बाजूला ठेवला गेला आणि तो आजतागायत तेथेच आहे. त्यानंतरचा सबंध पावसाळा मी ग्रंथालयातून जुन्या नटांची आत्मचरित्रे आणून वाचण्यात घालविला. गणपतराव बोडसांचे ‘माझी भूमिका’ आणि चिंतामणराव कोल्हटकरांचे ‘बहुरूपी’ ही दोन पुस्तके तर दोनदोनदा वाचली. माझे आजचे व्याख्यान म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर होय.

हा प्रश्न मुळात फार जुना आहे. महाकवी कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य राजापुढे भांडत येतात. दोघांत श्रेष्ठ कोण, हा वाद. निवाड्यासाठी त्यांचे कुळ वा त्यांचा पूर्वेतिहास कोणी विचारीत नाही. शिष्येला रंगभूमीवर उभी करावी आणि तिच्या कलेवरून गुरूची पारख करावी, असे ठरते. गुरूची खरी परीक्षा शिष्यात होते, ही कसोटी आपल्या परंपरेने तेव्हापासून मान्य केलेली आहे.

आता आपल्या मराठी रंगभूमीकडे येऊ. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्या काळच्या नाटकात पदे गाण्याचा सारा भार सूत्रधारावर असे. पात्रे त्या अनुरोधाने हालचाल करीत आणि आयत्या वेळी सुचतील तशी भाषणे करीत. लिहिलेले संवाद नाहीत, पात्रांना गाणे नाही, तेव्हा आज आपण ज्याला तालीम म्हणतो तिची गरजही बेताचीच. ही स्थिती पालटली १८८० साली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. आता पात्रांनी स्वतः गायचे, लिहिलेली भाषणे अक्षरशः पाठ करायची, आणि गाता गाता अभिनयही सांभाळायचा. आपल्या वाट्याच्या भाषणांच्या कागदाला नाटकमंडळीत ‘नक्कल’ म्हणत. नक्कल पाठ झाली की काम संपले नाही, तेथून काम सुरू होई. ते काम करून घेणारा जो पुरुष, तो तालीममास्तर. हे तालीममास्तर आले कोठून?

प्रथम स्वतः अण्णासाहेबच घ्या. जन्म १८४३ चा, गुर्लहोसूर गावचा. काही काळ बेळगावास शिक्षक, पुढे पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकर. दिवसा कचेरीत कलम चालवावे आणि इतर वेळी पदे रचून ती नटांच्या गळ्यांत उतरवावी, असा हा गृहस्थ. १८८५ साली, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. म्हणजे ‘शाकुंतल’नंतर त्यांना मिळाली जेमतेम पाच वर्षे.

त्यांचेच शिष्य गोविंद बल्लाळ देवल. हे बेळगावच्या शाळेत शिकले, मॅट्रिक झाले आणि काही काळ शिक्षकही होते. मॅट्रिक झालेल्या मास्तराला देवलांचे नाव घेताना किती अभिमान वाटत असेल, हे मी निराळे सांगावयास नको! ‘मृच्छकटिक’, ‘झुंझारराव’, ‘शारदा’, ‘संशयकल्लोळ’ ही त्यांची नाटके आपणांस ठाऊक आहेत. परंतु नाटकमंडळ्यांत त्यांची ओळख नाटककार म्हणून जितकी, तितकीच देवल मास्तर म्हणून होती. बोडस आणि बालगंधर्व यांसारख्या नटांनी त्यांना गुरुस्थानी मानले. वाक्य आधी समजले पाहिजे, मग बोलले पाहिजे, ही त्यांच्या शिकवणीची रीत. शाळेत आपण मुलाला धड्याचा अर्थ विचारतो, त्याहून हे निराळे काय? ‘संशयकल्लोळ’चा प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने १९१६ च्या ऑक्टोबरात केला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये देवल निवर्तले होते. गुरू गेला, पण त्याची शिकवण नटांच्या मुखातून पुढे प्रेक्षकांनी ऐकली.

तिसरे उदाहरण प्राध्यापकांचे. फर्ग्युसन कॉलेजातील प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी शेक्सपिअरच्या एका नाटकावरून ‘त्राटिका’ लिहिले आणि शाहूनगरवासी मंडळीच्या नटांना, विशेषतः गणपतराव जोश्यांना, शिकविण्याचे कष्ट घेतले. गोपाळराव आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर केले होते, तेही याच मंडळीने गाजविले. कॉलेजातला विद्वान आणि कंपनीतला नट एका बैठकीवर बसले, म्हणून मराठी श्रोत्यांना शेक्सपिअर समजला. चौथे उदाहरण कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे. पदवीधर, आरंभी सांगलीस शिक्षक, पुढे ‘केसरी’त टिळकांचे सहकारी. ‘कीचकवध’ लिहून सरकारचा रोष ओढवून घेणारा हा संपादक, आपल्या नाटकांच्या तालमींना जातीने बसत असे.

आता गाण्याचे गुरू पाहू. भास्करबुवा बखले यांची हकीकत मला सर्वांत अधिक भिडली. जन्म १८६९ चा. गोड गळ्याचा मुलगा म्हणून लहान वयात किर्लोस्कर मंडळीत शिरले आणि नावारूपास येऊ लागले. पुढे वय वाढले, आवाज फुटला. ज्या गळ्यासाठी कंपनीने घेतले तो गळाच राहिला नाही, आणि रंगभूमी सुटली. दुसरा कोणी खचून घरी बसला असता. या मुलाने बडोद्यास फैज महंमद खाँसाहेबांचे पाय धरले, पुढे आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि त्यानंतर अल्लादिया खाँ यांच्याकडून विद्या घेतली. वर्षानुवर्षे मेहनत केली. आणि एकदा नट म्हणून निरुपयोगी ठरलेला हा मनुष्य गुरू होऊन रंगभूमीवर परतला. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव हे सारे त्यांचे शिष्य. १९१६ च्या ‘स्वयंवरा’तील पदांच्या चाली त्यांच्या. पुण्यातील भारत गायन समाज त्यांनी १९११ साली स्थापिला. १९२२ साली ते गेले, तेव्हा त्यांचे वय त्रेपन्नही पुरे नव्हते.

रामकृष्णबुवा वझे हे सावंतवाडीकडचे. गाणे शिकण्याच्या ओढीने लहान वयात घर सोडून पायपीट करीत, उपासतापास सोसत ग्वाल्हेरीस गेले आणि निसार हुसेन खाँ यांच्याजवळ शिकले. पुढे ललितकलादर्शचे केशवराव भोसले आणि बलवंत मंडळीचे दीनानाथ मंगेशकर या दोघांनाही त्यांची तालीम लाभली.

येथे एक गोष्ट मी मुद्दाम सांगू इच्छितो. आपण एका ज्ञातीचे लोक एकत्र बसलो आहो, आणि त्यात गैर काही नाही. एकमेकांच्या सुखदुःखास धावून जावे, यासाठीच हे मंडळ. परंतु वर ज्या गुरुपरंपरा सांगितल्या त्यांत ब्राह्मण शिष्य मुसलमान गुरूच्या पायाशी बसलेला आहे आणि मराठा नट ब्राह्मण गुरूपाशी शिकलेला आहे. विद्येने दार उघडताना जात विचारली नाही, म्हणून ती वाढली. आपल्या मंडळाने विद्येला साह्य करताना निदान तिचे नाव तरी विचारू नये, एवढीच माझी विनंती.

बोलपट आले आणि १९३० नंतरच्या काळात नाटकमंडळ्यांची बिऱ्हाडे एकेक करून मोडली. त्याबरोबर तालीममास्तराचा आश्रयही गेला. कंपनीत मुलगा जेवे, राहे आणि शिके. ती शाळाच बंद पडली. तिची जागा पुढे विद्यालयांनी घेतली. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ साली निघाले. १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षे त्याचे संचालक होते इब्राहिम अल्काझी. यांचा जन्म पुण्यातला, वडील अरब व्यापारी, आणि नाट्यशिक्षण लंडनचे. आपल्या विजया मेहता त्यांच्याच हाताखाली तयार झाल्या. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाले. १९९६ पासून अनेक वर्षे त्याचे प्रमुख होते नाटककार सतीश आळेकर, आणि हे गृहस्थ मूळचे जीवरसायनशास्त्राचे! वैद्यकीय महाविद्यालयात ते संशोधनाचे काम करीत होते.

आता त्या वडीलधाऱ्या सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर देतो. नटांना कोणी शिकविले? शाळामास्तरांनी, कचेरीतल्या नोकरांनी, प्राध्यापकांनी, संपादकांनी, उपाशीपोटी विद्या मिळविलेल्या गवयांनी आणि शास्त्रज्ञांनी शिकविले. कोणी मॅट्रिक होते, कोणी पदवीधर, कोणाच्या हाती कसलेच प्रमाणपत्र नव्हते. परंतु यांतील प्रत्येकजण आधी दीर्घकाळ शिष्य होता, आणि प्रत्येकाने आपले ज्ञान स्वतःच्या मुखाने दुसऱ्याच्या कानात ओतले. याला विद्या म्हणायचे नाही, तर विद्या कशाला म्हणायचे?

तथापि दुसरी बाजू लपविणे शिक्षकाला शोभणार नाही. भास्करबुवांची कथा आपल्याला ठाऊक आहे, कारण ते परत आले. आवाज फुटल्यावर कंपनीतून घरी गेलेल्या आणि परत न आलेल्या मुलांची नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत. हातात अक्षर नाही, कसब नाही, वय निघून गेलेले, अशी त्यांची अवस्था झाली असेल. आपल्या आईबापांना जी भीती वाटते ती या अनुभवातून आलेली आहे, तिला मी हसणार नाही.

हसण्याचा अधिकार मला अगदीच नाही, त्याचे कारण सांगून टाकतो. माझ्या नोकरीच्या मधल्या काळात सातवीतला एक मुलगा संमेलनाच्या नाटकात मुख्य काम करीत होता. फार सुरेख बोलायचा. महिनाभर तालमी झाल्या आणि प्रयोगाच्या आठ दिवस आधी त्याचा आवाज फुटला. मी त्याची नक्कल काढून घेतली आणि दुसऱ्या मुलाला दिली. ‘तू आता पडदा ओढ’ असे म्हणालो. त्याने पडदा ओढला, नेमक्या वेळी ओढला. पण नंतर तो कधी संमेलनात उभा राहिला नाही, आणि मलाही त्याला पुन्हा बोलावण्याची बुद्धी झाली नाही. त्या वेळी भास्करबुवांचे चरित्र मी वाचलेले असते, तर फुटलेला आवाज हा शेवट नसतो, एवढे तरी त्याला सांगितले असते. परवा वाचताना मला त्या मुलाचा चेहरा आठवत राहिला.

म्हणून माझी सूचना अशी. तो बाजूला ठेवलेला अर्ज समितीने पुन्हा पुढे घ्यावा. इतर विद्यार्थ्यांना ज्या अटी, त्याच त्यालाही असाव्यात. दरवर्षी परीक्षेचा निकाल दाखवावा, पदवी पुरी करावी, म्हणजे पालकांच्या काळजीचाही मान राखला जाईल. आणि ज्यांनी तो प्रश्न विचारला त्या आदरणीय सभासदांनीच, त्यांना पटले तर, या सूचनेस अनुमोदन द्यावे. त्यांनी प्रश्न विचारला नसता, तर माझा हा अभ्यास झालाच नसता. तेव्हा या बाबतीत तेही माझे गुरूच होत.

उद्या तो मुलगा मोठा नट होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. कदाचित एखाद्या गावच्या शाळेत तो मुलांचे नाटक बसवील. तसे झाले तरी आपला पैसा वाया गेला असे मी मानणार नाही. तालीममास्तर असेच तयार होतात.