भय, भरदिवसां

भयपट म्हटला कीं पडका वाडा, अंधारी रात्र आणि दारांचें करकरणें हें साहित्य आपण गृहीतच धरतों. फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज फ्रांजू याला भय सांपडलें तें मात्र पॅरिसच्या कसाईखान्यांत, आणि तेंहि भरदिवसां.

फ्रांजू हा १९१२ सालीं जन्मला व १९८७ सालीं वारला. १९३६ सालीं त्यानें आपला मित्र आंरी लांग्ल्वा याच्यासह ‘सिनेमातेक फ्रांसेज’ हें चित्रपटांचें संग्रहालय स्थापन केलें. जुन्या मूकपटांच्या सहवासांत त्याची नजर तयार झाली.

१९४९ सालीं त्यानें ‘पशूंचें रक्त’ हा वीस-बावीस मिनिटांचा अनुबोधपट काढला. आरंभीं शहराच्या वेशीवरचें ओसाड मैदान दिसतें. जुन्या बाजारांतल्या वस्तु इतस्ततः पडलेल्या असतात आणि एका मुलीचा कोमल आवाज ऐकूं येतो. मग कसाईखान्याचे दरवाजे उघडतात. एक पांढरा घोडा आंत आणतात, कपाळाला यंत्र टेकवितात, आणि तो क्षणार्धांत कोसळतो. निवेदक मात्र शांतपणें अवजारांची ओळख करून देत असतो! कसाई क्रूर नाहींत. ते कुशल, कष्टाळू कामगार आहेत. त्यांतला एक तर काम करतां करतां गाणें म्हणतो. खरी मेख येथेंच आहे. दोष देण्यास एखादा दुष्ट समोर असता तर प्रेक्षकाची सुटका झाली असती. खाणारा तर पडद्यासमोर बसलेला! पट कृष्णधवल आहे. रंगीत असता तर केवळ किळस उरली असती, असें फ्रांजूचेंहि मत होतें.

१९५२ सालीं सरकारी सांगण्यावरून त्यानें पॅरिसच्या लष्करी संग्रहालयावर पट काढला. त्यांत शस्त्रांच्या वैभवाबरोबर युद्धानें अपंग व विद्रूप केलेले सैनिकहि आले. सरकारला हें अपेक्षित असेल असें मला वाटत नाहीं.

त्याचा गाजलेला भयपट ‘चेहऱ्यावांचून डोळे’ १९६० सालीं आला. अपघातांत मुलीचा चेहरा गेला. अपघात बापाच्याच हातून झालेला. तो शल्यविशारद आतां परक्या मुली पळवून आणतो आणि त्यांच्या चेहऱ्याची त्वचा सोलून आपल्या मुलीला बसवूं पाहतो. निर्मात्यानें म्हणे आधींच बजावलें होतें : फ्रान्ससाठीं फार रक्त नको, इंग्लंडसाठीं प्राण्यांचे हाल नकोत, जर्मनीसाठीं वेडा शास्त्रज्ञ नको. ही हकीकत फ्रांजूच सांगे. आणि कथा तर शल्यविशारदाची, पिंजऱ्यांतल्या कुत्र्यांची व सोललेल्या त्वचेची! शस्त्रक्रियेचा प्रसंग त्यानें घाई न करतां टिपला आहे : आधीं चेहऱ्याभोंवतीं पेन्सिलीची रेघ, मग त्याच रेघेवरून सुरी. कसाईखान्यांतली शांतता येथेंहि आहे. १९६२ सालीं अमेरिकेंत या पटाला ‘डॉक्टर फाउस्टसचें भीतिगृह’ असें नांव देण्यांत आलें. पटांत फाउस्टस कोणीच नाहीं.

दोन्ही पट पाहावयाचे असल्यास १९४९ चा आधीं पाहावा, आणि तो जेवणानंतर लगेच पाहूं नये.